डोंबिवलीत जेवायला कुठं जायचं?

आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी नागपूरचा एक पोरगा जॉइन झाला. ऑफिस ऐरोलीला. ऐरोली आणि ठाण्यातली भाडी बघून त्यानं डोंबिवली ईस्टला वन आरके घेतला आणि तिसऱ्याच दिवशी मला पिंग केलं, "तू जन्मापासून डोंबिवलीकर ना बे? खायची लिस्ट दे. ते रिव्ह्यू वाचून डोकं दुखलं. दहा जागा सांग फक्त."

मी लगेच शीट उघडली. कॉलम केले: जागा, काय खायचं, कधी जायचं, किती पैसे. नऊ ओळी पंधरा मिनिटांत भरल्या. दहावी रिकामी ठेवूनच शीट शेअर केली आणि म्हटलं, "सध्या नऊच आठवतायत."

खोटं होतं ते. दहावी जागा मला सगळ्यात आधी आठवली होती.

असो, आधी नऊंबद्दल. हॉटेलांची नावं देत नाहीये. एक तर कोणाची जाहिरात वाटायला नको. दुसरं म्हणजे आम्ही इथं नावानं पत्ता सांगतच नाही. 'मंदिराकडून येताना डाव्या हाताचा', 'बँकेच्या खालचा', असंच सांगतो. पाटी बदलते, मालक बदलतो, बँकसुद्धा दुसऱ्या बँकेत विलीन होते, पण पत्ता 'बँकेच्या खालचा' हाच राहतो.

डोंबिवलीतलं खाणं समजायचं असेल तर आधी गाडी समजून घ्यावी लागते. सीएसएमटीपासून आम्ही साधारण ४८ किलोमीटरवर. स्टेशन १८८७ सालचं. फास्ट मिळाली तरी तासभर जातो, स्लो असेल तर सव्वा तास आणि वर थोडं. म्हणजे सोमवार ते शुक्रवार इथला माणूस जागा असतो त्यातला मोठा भाग गाडीत किंवा गाडीच्या वाटेवर असतो. त्यामुळे सकाळचं खाणं स्टेशनच्या बाहेर, उभ्यानं, पाच मिनिटांत. ईस्टला जिन्याच्या आसपास सहा-साडेसहापासून स्टीलचे डबे घेऊन माणसं बसलेली असतात. इडली, मेदुवडा, उपमा, पोहे. तमीळ आणि मल्याळी लोक इथं कित्येक वर्षांपासून आहेत, त्यामुळे इडलीबद्दल डोंबिवलीला कोणी शिकवू नये. पातळ चटणी कागदी डिशमधून मनगटावर ओघळते आणि तेवढ्यात इंडिकेटर बदलतो. माझा सल्ला एवढाच, की चटणी वेगळी मागा आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

रविवारी सकाळी फडके रोड. गणेश मंदिरापासून सुरू होणारा हा रस्ता म्हणजे आमचा मरीन ड्राइव्ह, फक्त समुद्र नाही आणि बसायला जागाही नाही. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे अख्ख्या डोंबिवलीतली तरुण पोरं-पोरी नटूनथटून इथं येतात, एकमेकांना बघतात आणि मग खायला जातात. एरवीच्या रविवारीही मिसळ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, पीयूष हे सगळं या रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांमध्ये मिळतं. नऊच्या आत जा. दहानंतर एका टेबलामागे दोन कुटुंबं उभी असतात आणि तुमच्या घासांकडे बघत असतात. त्यात मजा नाही.

वेस्टला मासे. ईस्टचा माणूस वेस्टला जाणं म्हणजे व्हिसा काढून जाणं. त्यात कोपर पूल २०१९ ते २०२१ बंद होता, तेव्हापासून तर आमच्या सोसायटीतल्या काही लोकांनी वेस्ट कायमची सोडलीय. पण खाडी त्या बाजूला आहे, हे विसरू नका.

खरं आगरी जेवण हवं असेल तर कल्याण-शीळ रोडकडे सरका. ही डोंबिवली आमच्या आधीची. चाळी आणि बिल्डिंगी उभ्या राहिल्या त्या या गावांच्या जमिनींवर. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं कालवण, सुकटीची चटणी, आणि नशीब असेल तर निवट्या. निवट्या हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, दिसायला अजिबात चांगला नाही, खायला फार चांगला. तिथं मेट्रोचं काम सुरू असल्यानं पोचायला लागणारा वेळ मी शीटमध्ये लिहिलाच नाही. त्याऐवजी डिसेंबरात क्रीडासंकुलात आगरी महोत्सव भरतो, तिथं जावं. एका चकरेत सगळं चाखून होतं.

बाकीच्या ओळी तुम्हाला कुठल्याही उपनगरात सापडतील: एक उडुपी, एक चायनीजची गाडी, मानपाडा रोडवरचं एक 'फॅमिली रेस्टॉरंट', एमआयडीसी निवासी भागातलं एक एसी हॉटेल. या एसी हॉटेलकडे नंतर येतो.

आता दहावी ओळ.

डोंबिवलीचं स्वतःचं असं खाणं कुठलं, असं मला विचारलं तर मी वडापाव म्हणणार नाही, मिसळही नाही. पोळी-भाजी केंद्र म्हणेन. बाहेरच्यांना हे हॉटेल वाटतं, पण तिथं बसायला जागा नसते. दीड गाळा, पुढं काउंटर, काउंटरवर भाज्यांची पातेली, मागं दोन-तीन तवे. नवरा आणि बायको दोघंही मुंबईत नोकरी करतात, दोघंही आठ-साडेआठला उतरतात, घरी पोरं भुकेली असतात. मग घरी जायच्या वाटेवर आठ पोळ्या, पाव किलो मटकीची उसळ, वाटीभर कोशिंबीर. भात-वरणाचा कुकर घरी लावायचा, म्हणजे 'घरी स्वयंपाक केला' असं म्हणता येतं. चतुर्थीला मोदक, होळीला पुरणपोळी, संक्रांतीला गुळाची पोळी, एकादशीला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. शहराचं अख्खं पंचांग त्या काउंटरवर कळतं. चांगलं केंद्र कसं ओळखायचं? स्टेशन आणि शेअर रिक्षाच्या रांगेच्या मधोमध असेल तर चालतं. रांगेच्या पलीकडे असेल तर वर्षभरात तिथं मोबाइल रिपेअरिंग येतं.

हे सगळं मला इतकं नीट माहीत आहे, कारण अशा एका केंद्रात माझी आई पोळ्या लाटते. सोळा वर्षं झाली.

बाबांची एमआयडीसीतली नोकरी २००९ मध्ये गेली. मी सातवीत होतो. महिन्याभरात आई वहिनींकडे कामाला लागली. वहिनी म्हणजे केंद्राच्या मालकीणबाई, अख्खी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते. चार ते साडेआठ. तेव्हा पोळीमागे साठ पैसे मिळायचे. आई दीडशे पोळ्या करायची, म्हणजे नव्वद रुपये. हा गुणाकार मी तेव्हा रोज करायचो. बाबांना पुढं वॉचमनची नोकरी मिळाली, पण माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचे हप्ते पोळ्यांमध्ये मोजले तर किती होतात, हे मी एकदा काढलं होतं. आकडा सांगत नाही. मोठा आहे.

आईला घड्याळ लागत नाही. कणीक तिंबून झाली की ती गोळे करून फडक्याखाली ठेवते आणि गल्लीचा आवाज ऐकते. फास्ट आली की दोन मिनिटांनी चपलांचा आवाज वाढतो, मग दोन्ही तवे मोठ्या आचेवर. लाट ओसरली की एक तवा बारीक. पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं, गाड्या अडकल्या, की पंचाईत. भिजवलेली कणीक वाट बघत बसते, गिऱ्हाईक ठाण्याच्या अलीकडे रुळांवर चालत असतं. वहिनी अशा दिवशी दुकान बंद करत नाहीत. एकदा रात्री अकराला ओलीचिंब माणसं रांगेत उभी होती. आई घरी आली तेव्हा साडेबारा झाले होते. पाय बादलीत गरम पाण्यात घालून बसली आणि म्हणाली, "आज एकानंसुद्धा भाजीचं नाव विचारलं नाही. काय असेल ते द्या म्हणत होते."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सबमिशन होतं, आम्ही चौघं टिळकनगरला एका मित्राच्या घरी जागत होतो. त्याचे आईबाबा गावाला गेलेले. संध्याकाळी जेवण आणायला बाहेर पडलो. मी चायनीज म्हटलं. दुसरा म्हणाला, "सोड यार, इथं पोळी-भाजी मस्त मिळते," आणि वळला.

मी मागं राहू शकलो असतो, राहिलो नाही. काउंटरवर एक नवीन मुलगी होती. वहिनी आत डबे भरत होत्या. मागच्या तव्यावर आई. तिनं मान वर केली, चार पोरं बघितली, त्यातला एक मी. मी बटाट्याच्या भाजीकडे बघितलं. फार बारकाईनं बघितलं, त्यातली मोहरीसुद्धा मला दिसली असेल. परत वर बघितलं तेव्हा आईनं तोंड तव्याकडे केलं होतं. तिनं हाक मारली नाही. मी मारली नाही म्हणून तिनं मारली नाही.

मित्रानं वीस पोळ्या सांगितल्या, पैसे दिले. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो तर आईनं विचारलं, "पुरल्या का रे पोळ्या तुझ्या मित्रांना? चार जास्त घातल्या होत्या." मी "हो" म्हटलं. एवढंच बोलणं झालं त्यावर, आजपर्यंत. त्या चार पोळ्या तिनं स्वतःच्या हिशेबातून कापून घ्यायला लावल्या होत्या, हे मला वहिनींकडून कळलं. त्यालाही पाच वर्षं लोटली होती.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर आईला काम सोडायला सांगितलं. "तुझे पाय दुखतात." पाय खरंच दुखतात, शिरा निळ्या होऊन वर आल्यात. पण मी सांगत होतो ते पायांसाठी नव्हतं, हे मला माहीत होतं आणि माझा अंदाज आहे की तिलाही. ती म्हणाली, "बघू." ते 'बघू' सहा वर्षं चाललंय. तिथं तिच्या दोन मैत्रिणी आहेत, भिशी आहे, आणि पोळीमागे आता सव्वादोन रुपये मिळतात. ते पैसे ती मला दाखवत नाही.

आता ते एसी हॉटेल. पहिला बोनस मिळाला तेव्हा आई-बाबांना तिथं घेऊन गेलो. आईनं मेनूकार्ड उजवीकडून वाचलं. "तंदुरी रोटी पंचेचाळीस?" मग हळूच, "कोण लाटतं त्यांच्याकडे?" मी म्हटलं लाटत नाहीत, हातानं थापतात. रोटी आली. तिनं ती पालथी करून बघितली, कड मोडून बघितली, बाबांना म्हणाली, "मैदा आहे. थंड झाली की चामडं होईल." मला लाज वाटायला लागली, मग लाज वाटतेय याचीच लाज वाटली. पनीर तिला आवडलं. उरलेली एक रोटी तिनं टिश्यूमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकली. चामडं होते का ते घरी बघायचं होतं.

जेवून झालं, बिल दिलं, तरी ती उठेना. वेटर दोनदा बडीशेप ठेवून गेला. बाबा चुळबुळ करायला लागले. ती पाय थोडे लांब करून, खुर्चीला टेकून, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे बघत बसली होती.

"निघायचं का?" मी विचारलं.

"थांब की जरा. बसायचेच पैसे घेतलेत ना त्यांनी?"

पाऊण तास बसलो आम्ही. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तिथं जातो. रोटीबद्दल तिचं मत तेच आहे. टेबल मात्र भिंतीकडचंच लागतं तिला, टेकायला बरं म्हणून.

नागपूरकराचं पुढं असं झालं. महिन्याभरानं ठाण्याला प्लॅटफॉर्म बदलताना तो म्हणाला, "तुझी लिस्ट ठीक आहे, पण स्टेशनजवळचं ते पोळीवालं दुकान कसं विसरलास बे? मी तर रोज तिथूनच नेतो. मागं एक काकू आहेत, काय पोळी करतात! तीन पदर सुटतात."

जिन्यावर गर्दी होती. मी म्हटलं, "ती माझी आई आहे."

त्याला ऐकू गेलं नाही. "काय?"

परत सांगावं लागलं, जरा मोठ्यानं. पुढच्या पायरीवरच्या बाईंनीसुद्धा वळून बघितलं. तो एक क्षण थांबला, मागून कोणीतरी ढकललं, मग म्हणाला, "मंग डिस्काउंट मिळते का नाही?"

रात्री घरी आईला सांगितलं. तिला तो माहीत होता. "काळ्या बॅगेचा, उंच? पाच पोळ्या आणि रस्सा भाजी. रोज विचारतो, तिखट आहे का म्हणून. नागपूरचा होय!" आणि मग गॅस पुसता पुसता, "डिस्काउंट नाही म्हणावं, दुकान वहिनींचं आहे. एक पोळी जास्त घालीन. माझ्या हिशेबात."

मी शीट उघडून दहावी ओळ भरली. 'कधी जायचं'मध्ये साडेआठच्या आत, असं लिहिलं. नंतरही पोळ्या मिळतात, पण त्या दुसऱ्या तव्यावरच्या.