नकाशातलं मैदान

वाराच्या नावाने पत्ता सांगणारं गाव पाहिलंय का तुम्ही? आमच्या नागपुरात कुणाला विचारा, "कुठं राहता?" एक म्हणेल, "बुधवारीत." दुसरा म्हणेल, "मंगळवारीत." ज्या वारी जिथे बाजार भरायचा, त्या वस्तीला त्या वाराचं नाव चिकटलं. यातलीच एक आमची इतवारी. तिचा बाजार कधीच सातही दिवसांचा झाला, पण नाव रविवारचंच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून माझी भाची आली होती. तिला घेऊन मी इतवारी हिंडायला निघालो. इथे गल्लीला 'ओळी' म्हणतात. सराफा ओळी, किराणा ओळी, भांडे ओळी. एका ओळीत सोन्याची झळाळी, तर पुढच्या वळणावर मिरचीचा असा ठसका की डोळ्यांतून पाणी! हातठेला आला की सगळ्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन ठेले समोरासमोर आले, तर मग गंमत बघत राहायची.

"मामा, हे सगळं कुणी आखलं?" भाचीने विचारलं.

कुणीच नाही! देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ साली नागपूर वसवलं, पुढे ते भोसल्यांची राजधानी झालं आणि त्याच्याभोवती बाजार वाढत गेले. आधी दुकान, मग त्यावर माडी, मग शेजारी आणखी एक दुकान. गल्ल्या अरुंद राहिल्या हे खरं. पण ठेला दारापर्यंत आलाच पाहिजे, नाहीतर धंदा बुडाला! म्हणून तेवढी वाट प्रत्येकाने सोडली. शिवाय हे सगळं घडायला दोनशे वर्षं लागली.

तिला मी त्याच दिवशी एक दुसरी वस्तीही दाखवली. तीसुद्धा कुणी धड आखली नव्हती, पण ती उभी राहिली दोनचार वर्षांत.

आमचे एक काकाजी आहेत. इतवारीत धान्याच्या दुकानात मुनीम होते, वाड्यातल्या दोन खोल्यांत सहा माणसं. त्यांनी १९९३ साली गावाबाहेर दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. त्यांच्याकडेच आम्ही निघालो. चितार ओळीत गणपतीच्या मूर्तींवर हात फिरवणारे कारागीर पाहिले आणि चितार ओळी चौकातून मेट्रोत बसलो. ही मेट्रो डिसेंबर २०२२ पासून पूर्वेला प्रजापती नगरपर्यंत जाते. तिथून ऑटो. पारडी मागे पडली, सिमेंटचा रस्ता संपला, गिट्टी लागली, मग गिट्टीही संपली. ऑटोवाला म्हणाला, "इथून पायीच जा बापा, माही गाडी फसते." विदर्भाची काळी माती! उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चप्पल सोडत नाही. भाचीची एक चप्पल गाऱ्यात गेली ती आम्ही काठीनं काढली.

काकाजींचं घर छान आहे. दारात जास्वंद, मागे पपई. काकूंनी सांबारवडी केली होती. (पुणेकरांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर बरं का!) खाणं झाल्यावर काकाजींनी लोखंडी पेटीतून एक घडी पडलेला निळसर कागद काढला. तो लेआउटचा नकाशा होता. ओळीने चौकोन, चौकोनात नंबर, मधून सरळ रस्ते आणि मधोमध एक मोठा रिकामा चौकोन. त्यावर लिहिलं होतं, 'खेळाचे मैदान'.

भाची ताडकन उठली. "कुठे आहे? चला ना बघायला!"

काकाजी हसले. "बेटा, तू मैदानावरूनच चालत आली. ते पिवळं घर हाय न, ते मैदानात हाय. त्याच्या बाजूचं पीठगिरणीवालंबी."

हे कसं झालं, ते समजायला थोडं गणित करावं लागेल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रुंद रस्ते, नाल्या आणि मैदान यांसाठी साधारण तिसरा हिस्सा सोडला, तर दीड हजार फुटांचे १९ प्लॉट कसेबसे निघतात. पण रस्ते चिंचोळे केले आणि मैदान गिळून टाकलं, तर निघतात २५! हे जादा सहा प्लॉट म्हणजे विकणाऱ्याचा निव्वळ फायदा. वहीत करून पाहा.

शेती विकत घ्यायची किंवा शेतकऱ्याशी नुसता करार करायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, नकाशा छापायचा आणि महिन्याच्या हप्त्यावर प्लॉट विकायचे. सातबाऱ्यावर ती जमीन अजून शेतीचीच! घरांसाठी तिची परवानगी घ्यायची, नकाशा मंजूर करून घ्यायचा, ही कामं राहूनच जायची. काकाजींनी चार वर्षं हप्ते भरले. ज्या संस्थेने प्लॉट विकले, तिच्या ऑफिसला पुढे कुलूप लागलं.

"मग तुम्ही आधी चौकशी का नाही केली?" भाचीने विचारलंच. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

काकाजी रागावले नाहीत. "केली न. पण मंजुरीच्या प्लॉटचा भाव माह्या पगारात बसे नाही. इथं महिन्याचा हप्ता बसे. सगळ्यांनी घेतला, मीबी घेतला."

नागपुरात रस्ते आधी आखून मग प्लॉट पाडण्यासाठी एक खास संस्था आहे, नागपूर सुधार प्रन्यास. १९३६ च्या कायद्याने ती स्थापन झाली. पण शहर तिच्यापेक्षा जोरात धावलं. शेवटी २००१ साली राज्य सरकारने गुंठेवारीचा कायदा केला. (गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा, ४० गुंठ्यांचा एकर.) १ जानेवारी २००१ च्या आधी पडलेले असे प्लॉट विकास शुल्क भरून नियमित करता येतील, असं ठरलं. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकवली. नागपुरात या लेआउटांची ओळख म्हणजे दोन आकडे, '५७२' आणि '१९००'. एवढे लेआउट एकेका यादीत होते! इतवारीला वाराचं नाव मिळालं, यांना नुसता आकडा.

काकाजींनीही शुल्क भरलं. म्हणजे रस्त्याचे पैसे एकदा प्लॉट घेताना दिले आणि पुन्हा एकदा सरकारी कार्यालयात. विकणाऱ्यावर माझा राग आहेच. पण इतकी घरं एका रात्रीत उगवत नाहीत. ज्यांनी वेळेवर बघायला हवं होतं, त्यांचे डोळे तेव्हा कुठे होते?

कागद नियमित होतो, विजेचा खांब येतो, उशिरा का होईना नळही येतो. पण रस्ता रुंद करायचा म्हटलं की कुणाची तरी भिंत मध्ये येते. पारडी, भरतवाडा, पुनापूर या भागात स्मार्ट सिटी योजनेतून नवे रुंद रस्ते आखले, तेव्हा काही घरं वाटेत आलीच. आणि मैदान? पिवळ्या घरातल्या माणसानेही कष्टाचेच पैसे मोजलेत. त्याला ऊठ म्हणायचं कुणी?

संध्याकाळी पाऊस थांबला तसा बाहेर गलका झाला. काकाजींचा नातू बॅट घेऊन पळाला, मागोमाग भाची, एका पायात काकूंची चप्पल. कोपऱ्यावर एक प्लॉट रिकामा आहे. 'हा प्लॉट विकणे नाही' अशी पाटी, आणि पाटीखाली तीन विटांचे स्टंप. मालक दिवाळीनंतर बांधकाम काढणार आहे. पोरांनी त्याला गाठून विचारून घेतलंय की विटा आल्या तर त्या एका बाजूला रचा, पिच मोकळी ठेवा. तो 'बघू' म्हणालाय.

नियम एकच. बॉल पिवळ्या घराच्या कंपाउंडात गेला की आउट. भाची तिसऱ्याच बॉलला आउट झाली.