विंझरच्या शाहिराची पेटी

पुणे–सातारा रस्ता सोडून नसरापूरची वाट धरली की शहराचा पसारा हळूहळू मागे पडतो. नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या बनेश्वराचे दर्शन घेऊन मार्गासनी ओलांडली म्हणजे राजगड व तोरणा हे दोन पुराणपुरुष प्रवाशाशी लपंडाव खेळू लागतात. याच वाटेवर, पुण्याहून पन्नासेक किलोमीटरवर, विंझर हे गाव आहे. ज्या वेल्हे तालुक्यात ते मोडते, त्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे.

तोरण्यास जाणारी मंडळी येथे बहुधा चहापुरतीच थांबतात. गेल्या चैत्रात आम्हीही तेवढ्याच बेताने उतरलो होतो. बरोबर घरची लहानथोर नऊ माणसे होती. परंतु त्या रात्री जवळच्या वाडीची जत्रा असून शाहिराचा कार्यक्रम आहे असे कळले, आणि मुलांच्या हट्टापुढे आमचा बेत टिकला नाही.

शेकोटीवर डफ शेकला गेला, तुणतुणे जुळले, झीलकऱ्यांनी मागून सूर धरला आणि साठी उलटलेल्या शाहिराने तानाजीचा पोवाडा उचलला. सिंहगडचा हा प्रसंग तुळशीदासाने गायिला, अफझलखानाचा वध अज्ञानदासाने गायिला. तेव्हापासून ही विद्या गुरुमुखातून चालत आली आहे. डोंगरांच्या त्या काळोखात तासभर कोणी जागचे हलले नाही. आमच्या मुलांनी तर सारा पोवाडा मोबाइलवर उतरवून घेतला.

कार्यक्रम संपताच शाहिराने एक पत्र्याची पेटी उघडली. तीत त्याच्या गाण्यांचे पेनड्राइव्ह होते. प्रत्येकावर त्याचे नाव व गावाचे नाव छापलेले. आम्हांस कुतूहल वाटले, तेव्हा त्याने सकाळी विंझरला घरी येण्याचे आग्रहाने सांगितले.

घर साधे, सारवलेल्या अंगणाचे. माजघरालगतच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून. कोपऱ्यात पुतण्याचा संगणक. “हीच आमची कंपनी,” शाहीर हसत म्हणाला. रस्त्याने एस. टी. गेली की गाणे थांबवावयाचे, ती गेली की पुन्हा आरंभ! चैत्र-वैशाखात जत्रांच्या सुपाऱ्या, पावसाळ्यात भातलावणी, गणेशोत्सवात पुन्हा फिरती. बिदागीतून टेंपोचे भाडे वजा जाता उरलेल्याचे सहा वाटे होतात. तेव्हा पेटीतील विक्रीवरच घराचे वर्ष निभते.

ही खटपट त्याने का मांडली, याचे कारण मात्र हसण्यासारखे नव्हते. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे; तासाभराच्या पोवाड्याचे तुकडेच करावे लागत. पुढे कॅसेट आली आणि शाहिरास ऐसपैस जागा मिळाली. याच्या ऐन तारुण्यातील आवाज एका कंपनीने असाच कॅसेटवर घेतला. “सही केली, पैका घेतला, अन् आवाज त्यांचा झाला,” तो म्हणाला. ती कॅसेट पुष्कळ खपली. त्याच्या हाती दुसऱ्यांदा दमडी आली नाही. कंपनीही पुढे बंद पडली. आज त्या आवाजाची एकही प्रत त्याच्यापाशी नाही.

दूर अमेरिकेतही हेच घडले होते. ब्लूज नावाच्या लोकगीतप्रकारास लौकिक मिळवून देणारा कृष्णवर्णीय वादक डब्ल्यू. सी. हँडी याने १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क अल्प किमतीस विकले, रचना गाजली, पैसा दुसऱ्याने मिळविला. तेव्हा शहाणा होऊन त्याने हॅरी पेस याच्याशी भागी करून स्वतःचीच प्रकाशनसंस्था चालविली. आपल्याकडे १९९४ च्या कायदादुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचाही स्वतंत्र हक्क मान्य केला. परंतु कायदा ग्रंथात असतो आणि शाहीर रस्त्यावर.

हे ऐकत असता आमची दहा वर्षांची पुतणी हळूच म्हणाली, “काका, आपणही काल विचारले नव्हते.” आम्ही निरुत्तर झालो. त्या अज्ञात कंपनीस मनातून बोल लावीत बसलेले आम्ही, निदान तिने चार पैसे तरी दिले होते हे विसरलो होतो! आमच्या मोबाइलमधील पोवाडा तोवर पुण्यातील तीन बिऱ्हाडी पोहोचलाही होता.

आम्ही सारे सांगून टाकले. शाहीर रागावला नाही. “पोरांनी ऐकला, आनंद आहे. पण म्हाताऱ्याचं पोट बी त्याच गळ्यात हाय,” एवढेच बोलला. आम्ही उतरवून घेतलेले पुसून टाकले, त्या तीन बिऱ्हाडांनाही तसे कळविले आणि पेटीतून चार पेनड्राइव्ह घेतले.

तोरणा त्या दिवशी चढावयाचा राहिला. परंतु घरी जेवणे आटोपल्यावर तो पोवाडा लागतो, आणि मध्येच दूरची एस. टी. ऐकू आली की मुले ओरडतात, “विंझर आले!” जत्रेत गाणे ऐकून उठताना वाचकांनी शाहिराच्या पेटीपाशी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.