ओळखीचे दुखणे

माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा निरोगी असताना काढल्या गेल्या. यात कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. मी सांगितले, दाढ ठणकते. दंतवैद्यांनी पाहिले, तिथे जुने भरण होते. एवढ्या पुराव्यावर आधी रूट कॅनाल झाले आणि मग दाढ गेली. ठणका शेजारच्या दाढेत सरकला, तीही गेली. दोन्ही वेळा भुलीचे इंजेक्शन दिल्यावर ओठ, जीभ, दाढ सारे बधिर झाले होते, आणि तरीही आत कुठेतरी दुखतच होते. मी तसे सांगितलेही. "होतं असं कधीकधी," असे उत्तर मिळाले. दाढ बधिर होऊनही दुखणे थांबत नसेल तर ते दाढेचे नव्हे, इतके साधे अनुमान होते ते. पण ते तेव्हा ना त्यांना सुचले, ना मला.

पुढे एका दंतमहाविद्यालयाच्या मुखरोगनिदान विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मला तपासले. तिने आधी तोंड उघडायला सांगितलेच नाही. वीसेक मिनिटे नुसते विचारत राहिली. सकाळी जबडा आखडलेला असतो का, चावताना वाढते का, कानाशी कट् असा आवाज येतो का. मग तिने गालावरच्या चर्वणाच्या स्नायूवर दोन बोटे ठेवून दाबली आणि दाब पाच सेकंद तसाच धरून ठेवला. जी दाढ आता तोंडात नव्हतीच, तिच्या जागी ठणका उमटला. "हेच का तुमचं ओळखीचं दुखणं?" तिने विचारले. हेच ते होते.

हा प्रश्न तिच्या सौजन्यातून आलेला नव्हता. तो तिच्या प्रशिक्षणाचा भाग होता. जबड्याच्या सांध्याच्या विकारांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदाननिकषांत अशी अट आहे की, तपासणीत जागी झालेली वेदना रुग्णाने आपली नेहमीची वेदना म्हणून ओळखली पाहिजे. दाबले की कुणालाही दुखते. त्यामुळे अनोळखी दुखणे निदानात मोजायचे नाही. आणि दाबायचे किती, तर चर्वणस्नायूवर एक किलो, सांध्याच्या टोकावर अर्धा किलो. विद्यार्थी वजनकाट्यावर बोट दाबून हा अंदाज हाताला शिकवतात, हे मी नंतर पाहिले. या निकषांना दोन अक्ष आहेत: एक शरीराचा; दुसरा रुग्णाच्या चिंतेचा, खिन्नतेचा आणि दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात पडलेल्या खंडाचा. दोन्ही नोंदवल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

दाढ आणि स्नायू यांची गल्लत का होते, हेही तिने समजावले. दात, जबड्याचा सांधा, चर्वणाचे स्नायू, गालाची त्वचा या सर्वांच्या संवेदना मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाचव्या जोडीतूनच जातात आणि मेंदूच्या देठाशी त्यांतल्या अनेक एकाच पेशींवर येऊन मिळतात. मेंदूला निरोप पोचतो. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र कधी कधी चुकीचा वाचला जातो. उपचारांत कोरणे-कापणे काहीच नव्हते. काही आठवडे मऊ अन्न, गालाला शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री दातांवर चढवायची ॲक्रिलिकची पट्टी, आणि दिवसभर एक पथ्य: ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले. उत्तरपत्रिका तपासताना मी दातांवर दात रोवून बसतो, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. दातओठ खाणे हा वाक्प्रचार मी जन्मभर शिकवला होता.

या शाखेचा इतिहासही आपल्याला, म्हणजे टीकेच्या विद्यार्थ्यांना, परका वाटणार नाही. जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञाने १९३४ साली ११ रुग्णांच्या निरीक्षणावरून एक उपपत्ती मांडली: मागच्या दाढा गेल्या की जबडा अधिक मिटतो, सांध्याचा दाब पडतो, आणि कानदुखीपासून डोकेदुखीपर्यंत सारे त्यातून उद्भवते. शरीररचनेच्या कसोटीवर ती टिकली नाही. तरी दातांची ठेवण दुरुस्त केली की दुखणे जाईल, या समजुतीने पुढे कित्येक वर्षे निरोगी दात घासले गेले. एकच सूत्र हाती धरून प्रत्येक संहिता वाचणारे समीक्षक आपणही पाहिले आहेत; फरक इतकाच की, त्यांनी घासलेली कविता पुन्हा मुळातून वाचता येते. अमेरिकेत मुख आणि चेहऱ्याच्या वेदनेला दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळायला २०२० साल उजाडले.

मी मराठी शिकवतो हे कळल्यावर त्या विभागाने मला विद्यार्थ्यांशी बोलायला बोलावले. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत वेदनेची ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत लावली आहेत. आमचे रुग्ण काय म्हणतात ते आम्हाला कळत नाही, अशी शहरात वाढलेल्या त्या मुलांची तक्रार होती. मी फळ्यावर शब्द लिहीत गेलो. ठणका, ठसठस, कळ, सणक, चमक, रग, सल, हुळहुळणे, चुरचुरणे, भगभगणे, अवघडणे. रग स्नायूची, ठसठस पू धरल्याची, हुळहुळणे सालटे गेलेल्या जागेचे. प्रत्येक शब्दाला त्याची जागा आणि त्याचा काळ होता. मग एका मुलाने विचारले, "आणि कुणी 'वीज चमकते' म्हणालं तर?"

उत्तर वर्गातल्याच एका मुलीने दिले. क्षणभराची, विजेच्या झटक्यासारखी, एकाच गालात, नुसत्या स्पर्शाने वा वाऱ्याने सुरू होणारी वेदना म्हणजे त्याच पाचव्या मज्जातंतूचा विकार. अशा कित्येक रुग्णांचे दात विनाकारण काढले जातात. त्यावर कार्बामाझेपिन हे औषध १९६०च्या दशकापासून वापरात आहे.

खडू माझ्या हातातच राहिला. माझी आई शेवटची सहा-सात वर्षे पंख्याखाली बसताना उजव्या गालावर पदर धरून बसे. तोंड धुणे टाळी. "गालात वीज जाते रे," असे म्हणे. तिचे दात एकेक करून काढले, कवळी बसवली. वीज जातच राहिली. "आता दातच नाहीत, तर दुखेल कसं?" असे तिला आम्ही विचारले, आम्ही म्हणजे मीच. त्या काळात मी वर्गात अलंकार शिकवत होतो, आणि आईच्या त्या वाक्याला मी मनोमन अतिशयोक्ती ठरवून टाकले होते. ती अतिशयोक्ती नव्हतीच. ती स्वभावोक्ती होती, जसे आहे तसे सांगणारी. माझ्या कुटुंबात निदान केले ते एकट्या आईने, आणि तेही तीन शब्दांत.

फळ्यावरच्या यादीत मी शेवटी 'वीज' लिहिले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. एकाने विचारले, "सर, याच्यापुढे काय लिहायचं?" मी म्हणालो, "रुग्ण म्हणेल तेच."