झेंडे दोन, घर एकच

जुलै २०२५मध्ये चार दिवसांच्या अंतराने मुंबईत मराठी माणसांची दोनदा गर्दी झाली. पाच तारखेला वरळीच्या डोममध्ये उद्धव आणि राज ठाकरे बऱ्याच वर्षांनी एका व्यासपीठावर आले. पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला होता, त्याचा तो जल्लोष. नऊ तारखेला आझाद मैदानात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले. शेलू-वांगणीची घरं नकोत, मुंबईत द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या लालबागमध्ये पहिल्या मेळाव्यावर आठवडाभर हमरीतुमरी चालली. दुसऱ्यावर कुणी आवाज चढवला नाही.

आणि तरीही दोन्हीकडची माणसं एकाच घरातली. बाप आझाद मैदानात, मुलगा वरळीला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही फाळणी नव्हती. कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, एस. एम. जोशी एका मंचावर होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीला गिरणगावात तुफान गर्दी व्हायची. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणणारा माणूस पगारवाढही मागत होता, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नव्हती. फाटाफूट पुढे झाली. ५ जून १९७०ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी हरल्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. भाषा भगव्याखाली गेली, पगार लाल बावट्याखाली राहिला.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार हवा होता, बदलीवाल्यांना कायम करायचं होतं. शिवाय १९४६च्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेली मक्तेदारी मोडायची होती. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं कोकणात, घाटावर गावाकडे गेली. जी परतली त्यांतल्या अनेकांना गेटवरच नाही म्हणून सांगितलं. एवढं होऊन १९८४च्या काँग्रेस लाटेत सामंत याच भागातून खासदार झाले. गिरणगावाने त्यांना दोष दिला नाही. पण मग हरल्याचा राग काढायचा कुणावर? मालक दिसत नाही. परप्रांतीय टॅक्सीवाला दिसतो.

त्या काळाचं सोनं करण्याची मला हौस नाही. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून दलितांना विणाईखात्यात शिरकाव नव्हता. बाबासाहेबांनी १९२८-२९च्या संपांच्या काळात हा प्रश्न पुढे आणला. गिरण्यांत उत्तर प्रदेशची माणसंही पुष्कळ होती, आणि ८२च्या संपात तीही उपाशी राहिली. आजच्या भाषणांतून ती गळली आहेत.

जमिनीची गोष्ट तर सगळ्याच झेंड्यांना अडचणीची. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे ठरले होते: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली, म्हणजे जवळजवळ नावापुरती. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. दादरच्या कोहिनूर मिलची जमीन २००५मध्ये ४२१ कोटींना विकली गेली, तेव्हा खरेदीदारांत मनोहर जोशींचे पुत्र उन्मेष आणि राज ठाकरे यांच्या कंपन्या होत्या. राज पुढे त्यातून बाहेर पडले. व्यवहारच तो, कुणीही केला असता. फक्त मराठी माणसाला मुंबईतून कोण घालवतंय, हा प्रश्न शिवाजी पार्कावर घुमतो तेव्हा मला ते ४२१ कोटी आठवतात.

भाषेचा आग्रह मला खोटा वाटत नाही. दुकानावर मराठी पाटी हवीच. पण पाटीखाली दिवसभर उभ्या असणाऱ्या पोरीला महिन्याला किती मिळतात, हे विचारणारा पक्ष मुंबईत उरलेला नाही. लोअर परळच्या जुन्या मिल कंपाउंडांच्या गेटवर ठेकेदाराचे सिक्युरिटीवाले बारा बारा तास असतात. कुणी चिपळूणचा, कुणी छपऱ्याचा. पगार सारखाच. यांची युनियन कुठली, असं मी परवा नाक्यावरच्या वादात मध्येच विचारलं.

एक जण म्हणाला, "ते राहू द्या काका. आधी सांगा, तो छपऱ्याचा मराठी बोलतो का?"