बैठकीची गोष्ट

सायकलवाल्यांच्या कट्ट्यावर गिअरबद्दल तासभर बोलता येतं. चेनला कुठलं तेल घालावं, टायरमध्ये हवा किती ठेवावी, खंबाटकीचा घाट उभं राहून चढावा की बसून, यावर हमरीतुमरीही होते. पण शिरवळच्या पुढे एखादा भिडू सीटवर सारखा डावी-उजवीकडे सरकायला लागला, सपाट रस्त्यावरही पेडलवर उभा राहायला लागला, की त्याला काय होतंय हे सगळ्यांना कळतं आणि कुणीच विचारत नाही. गुडघा दुखला तर तो दाखवता येतो. जांघेतलं दुखणं फार तर डॉक्टरला सांगायचं, तेही आधी दोनदा खोकून.

‘आमच्या वडिलांनी जन्मभर लेंग्यावर सायकल मारली, त्यांना कधी पॅड लागलं नाही,’ असं ऐकवणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं खोटं नाही. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची ती काळी, जड सायकल. तिची स्प्रिंगांवरची रुंद चामडी सीट. पाठ ताठ, सगळं वजन कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर आणि अंतर घरापासून मंडईपर्यंत. आजच्या रोड बाइकवर माणूस पुढे वाकतो, आणि वाकला की भार हाडांवरून सुटून पुढच्या नाजूक भागाकडे सरकतो. पाय मिनिटाला पंच्याऐंशी फेरे मारत असतील, तर तासाभरात प्रत्येक मांडी सीटच्या कडेला 5,100 वेळा घासून जाते. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. पुढचा गुणाकार ज्याचा त्यानं करावा. त्यात घाम. ओला असतो तोवर तो कातडी मऊ करून ठेवतो आणि वाळायला लागला की मागे मीठ ठेवून जातो. मग प्रत्येक फेऱ्याला पॉलिश पेपर फिरवल्यासारखं.

म्हणून ती काळी, अंगाला चिकटलेली, लोकांच्या नजरेत भरणारी चड्डी. एका दुकानात ती घ्यायला आलेले एक सद्गृहस्थ आठवतात. दुकानदारानं आवाज खाली आणला, “काका, याच्या आत… म्हणजे, ही नुसतीच घालायची.”

“नुसतीच?”

“नुसतीच.”

काकांनी आजूबाजूला पाहिलं, चड्डी पिशवीत टाकली आणि चेहऱ्यावरून तरी हा सल्ला पाळायचा नाही असं ठरवून निघून गेले. आणि निम्मं काचणं इथंच ठरतं. सुती अंडरवेअर घाम पिऊन बसते, तो सोडत नाही. शिवाय तिची शिवण आणि इलॅस्टिक नेमकं मांडीच्या घडीत येतं. आतली ती एक शिवण वाचावी म्हणून तर सायकलच्या शॉर्टची पॅड कातडीला थेट लागेल अशी बेतलेली असते.

पूर्वी ही शॉर्ट लोकरीची असायची आणि आत चामड्याचा तुकडा शिवलेला. शॅम्वा नावाचा आल्प्समधला, बकरीच्या कुळातला एक डोंगरी प्राणी, त्याचं ते चामडं. धुऊन वाळवलं की ते कडक व्हायचं, म्हणून शर्यतवाले त्याला क्रीम चोळून मऊ करायचे. 1958 साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा धागा तयार केला, तो लायक्रा. सत्तरच्या दशकात तो सायकलवाल्यांच्या अंगावर चढला. पुढे चामडंही गेलं, फोम आला. क्रीम मात्र टिकलं. आता ते चामड्याला नव्हे, स्वतःच्या कातडीला लावतात.

एवढं होऊनही मोठमोठ्यांना या जागेनं रडवलं आहे. 1987 च्या स्पेनच्या शर्यतीत आयर्लंडचा शॉन केली सगळ्यांच्या पुढे असताना, शर्यत संपायला थोडेच दिवस उरले असताना, बैठकीच्या गळवामुळे घरी गेला. 1989 च्या टूर द फ्रान्समध्ये लोराँ फिन्याँ शेवटच्या दिवशी 50 सेकंदांनी पुढे होता. तीन हजारांहून अधिक किलोमीटर झाले होते, उरले होते व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे साडेचोवीस. शर्यत तो 8 सेकंदांनी हरला. जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नव्या हँडलबारवर अजून चर्चा होते, फिन्याँला त्या दिवशी धड बसता येत नव्हतं यावर त्या मानानं कमी. कट्टा पुण्यातला असो की पॅरिसमधला, हँडलबारबद्दलच बोलणं बरं वाटतं.

दुकानात हात आपोआप सगळ्यात जाड, सगळ्यात गुबगुबीत पॅडकडे जातो. तो आवरावा. मऊ फोममध्ये हाडं रुततात आणि त्यांच्यामधला फोम वर येऊन जिथे दाब नको तिथेच देतो. हाडांखाली घट्ट, कडेला पातळ होत गेलेली पॅड अंगठ्यानं दाबून ओळखता येते. माप अंगासरशी हवं. सैल शॉर्टला सुरकुती पडते आणि सुरकुतीच सालटं काढते. आरशासमोर ताठ उभं राहून काहीही कळत नाही. शॉर्ट वाकलेल्या माणसासाठी कापलेली असते, उभं राहिल्यावर ती पुढे आखूड आणि मागे उंच वाटणारच. ट्रायल रूममध्ये कमरेत वाकावं, गुडघे पोटाशी आणून पाहावेत. बाहेरच्यांना काय वाटायचं ते वाटो.

खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट यात सरस, कारण पोटाला इलॅस्टिक काचत नाही आणि पॅड जागची हलत नाही. बायकांच्या बाबतीत मात्र हे वाक्य इतकं सरळ उरत नाही. घाटात स्वच्छतागृह नाही, आडोसा मिळाला तरी जर्सी काढल्याशिवाय पट्टे उतरत नाहीत. आता मागून सुटणारी बिब मिळते; नाही मिळाली तर कमरेचीच बरी. पॅड मात्र बायकांच्या मापाचीच घ्यावी, कारण बसायच्या हाडांमधलं अंतर बहुधा जास्त असतं.

पावसाळ्यात ताम्हिणीला जाणाऱ्यांनी मडगार्ड लावावं. मागचं चाक पाण्याबरोबर बारीक रेतीही थेट बुडावर मारतं, आणि ओल्या पॅडमध्ये शिरलेल्या रेतीपुढे कुठल्याही क्रीमचं काही चालत नाही. क्रीम महागच हवं असं नाही. कुणी खोबरेल लावतं, कुणी कैलास जीवन. व्हॅसलीनही चालतं, फक्त ते कापडातून लवकर निघत नाही. टाल्कम पावडर तेवढी नको, घामात तिच्या गुठळ्या होतात.

पण खरा घात रस्त्यावर होत नाही, मिसळीच्या टेबलावर होतो. राइड संपली की सगळे तसेच ओल्या शॉर्टनिशी लाकडी बाकावर टेकतात. एक प्लेट, मग रस्सा, मग पुन्हा रस्सा, मग चहा, मग पुढच्या रविवारचं नियोजन. तासभर ऊब, ओल आणि सोललेली कातडी एकत्र. जंतूंची यापेक्षा चांगली सोय कुणी करणार नाही. आज चुणचुणणारं उद्या गळू होतं ते इथे. पिशवीत एक सुती बर्म्युडा ठेवावा आणि मिसळ सांगण्याआधी मोरीत जाऊन बदलून यावं. तर्री तोवर थंड होत नाही.

घरी गेल्यावर शॉर्ट लगेच धुवावी, साध्या साबणानं, उलटी करून, सावलीत वाळवावी. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालू नये, ते धाग्यावर बसतं आणि घाम शोषला जात नाही. एवढं केलं तरी काही हंगामांनी लायक्रा बुडाशी विरतेच. पंचाईत अशी की ती विरलेली मालकाला कधीच दिसत नाही. मागच्या चाकावर असणाऱ्याला दिसते, तीही पुढे वाकून ताण बसल्यावर. आणि सांगणार कोण? आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते सांगतात. कात्रजच्या चढावर, दम लागलेला असताना, शेजारी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात:

“अहो, चड्डी बदला. सूर्योदय मागून दिसतोय.”