लाल ग्रीस

१२ मार्च, चाळकेवाडी
वारा पडलेला. पवनचक्कीच्या हबमध्ये शिरलो. पहिल्या ब्लेडच्या बेअरिंगमधून आलेलं जुनं ग्रीस तांबूस. बाकी दोन्हींचं काळपट.

१३ मार्च
बरोबरचा पोरगा म्हणाला, "दादा, पठाराची धूळ असंल. हितं समदंच लाल." जांभ्याची धूळ सीलच्या बाहेर बसते. हे आतून आलंय. सील पुसून पाहिलं, शाबूत.

१५ मार्च
नमुना लॅबला पाठवला.

१९ मार्च
मुख्य शाफ्टचं बेअरिंग सतत फिरतं, आत ग्रीस ओढून घेतं. ब्लेडच्या मुळातलं फार तर ९० अंश वळणार. एरवी अंशभर इकडं, अंशभर तिकडं. मशीन बंद असलं तरी ब्लेड वार्‍यानं थरथरतंच. छर्रा जागच्या जागी डुलतो. खालचं तेल बाजूला दाबलं जातं, परत येत नाही. पोलाद पोलादाला घासतं. सुटलेला कण गंजून लाल होतो, तोच गंज पुढं रेस, म्हणजे छर्रा टेकतो ती कडी, खरवडतो. एवढंसं हलणं, आणि त्यानंच बेअरिंग जातं.

२० मार्च
१९३७ मध्ये आल्मेन नावाच्या इंजिनियरनं याच झिजेवर लिहिलं होतं. रेल्वेनं पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांची बेअरिंग वाटेतच खराब होत. चाक फिरलेलंही नसे.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. पहिल्या ब्लेडच्या ग्रीसमध्ये लोखंड बरंच जास्त.

४ एप्रिल
ऑफिस म्हणतं, ग्रीस वाढवा. नुसतं वाढवून काय होणार? ते छर्‍याखाली पोचायला हवं. त्यासाठी ब्लेड अधूनमधून चांगलं मोठं वळवायला हवं, कंट्रोलमध्येच तशी सोय हवी. हॅम्बुर्गला फ्राउनहोफरच्या संशोधन संस्थेत ब्लेडच्या बेअरिंगच्या चाचण्या या झिजेसाठीही होतात. ऑफिसला सविस्तर मेल केला. उलट प्रश्न एकच : विजेचे युनिट किती बुडतील?

२८ एप्रिल
ब्लेड शून्य ते नव्वद अंश फिरवत ग्रीस भरलं. एका ठिकाणी ब्लेड वळवणाऱ्या पिच मोटरचा करंट चढतो. चालू मशीनमध्ये ब्लेड बहुतेक वेळ जिथं असतं, तीच जागा. झोप नाही.

१६ मे
पश्चिमेचा वारा लागला. बेअरिंग बदलायचं तर ब्लेड उतरवावं लागेल, मोठी क्रेन लागेल. पावसाआधी शक्य नाही.

३० मे
मंजुरी! वारा कमी असताना ब्लेड शून्य ते नव्वद वळवायला. पण फक्त याच मशीनला.

९ जून
धुकं, सोसाट्याचा वारा. करंट त्याच जागी चढतोय, वाढलेला नाही. शेजारच्या मशीनसाठी पुन्हा मेल केला.