ही माती इथली नाही

चिंचवड,
पौषातला रविवार

चि. बाळू,

दिवाळीत आलास तेव्हा ते धातू शोधायचं यंत्र माझ्या गळ्यात मारून गेलास, त्याला दोन महिने होत आले. परवा फोनवर "मामा, सापडलं का काही?" म्हणून विचारलंस तेव्हा तुझी मामी शेजारीच बसली होती, म्हणून "लिहितो सविस्तर" म्हणून वेळ मारून नेली. आता ती देवळात गेली आहे. लिहितो.

आधी हिशेब देतो, इन्स्पेक्शनमध्ये जन्म गेला त्यामुळे सवय आहे. तीन रविवार, तीन जागा. मिळालेला माल: वाटीभर गंजके खिळे, वेल्डिंग रॉडची थोटकं, एक दहाचा नट, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, बैलाची अर्धी पत्री आणि षटकोनी वीस पैसे. गुटख्याच्या पुड्या मोजल्या नाहीत. त्यांच्या आत तो चंदेरी पापुद्रा असतो ना, त्यावर तुझं यंत्र असं गोड वाजतं की प्रत्येक वेळी वाटतं, आता मोहोर. वीस पैशांची बातमी मामीला लगेच सांगितली. ती म्हणाली, "खजिन्यातला वाटा मागायला सरकार येईल हो." सरकार येणार नाही. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आपल्याकडे अजून चालतो, आणि जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तरच कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. माझी नऊ रुपये ऐंशी पैशांची सोय अजून शिल्लक आहे.

चाकणला आपण गेलो होतो ते आठवतं ना? तू डिकीतून यंत्र काढायला लागलास आणि मी तुझा हात धरला. तुला राग आला. तिकडे परदेशात तू शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात उतरतोस, काही मिळालं तर नेमलेल्या अधिकाऱ्याला दाखवतोस, तो नोंद करतो, सगळं रीतसर. इथं किल्ल्याच्या आवारात परवानगीवाचून खुरपंसुद्धा टेकवायचं नाही, हे माझं पक्कं आहे. पण तुझा हिशेब मला पटत होता, हेही कबूल करतो. १६६० च्या जूनमध्ये शायिस्ताखान या संग्रामदुर्गापुढे येऊन बसला, आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो ऐन पावसाळ्यात ५६ दिवस लढवला. शेवटी मोगलांनी ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार नेऊन सुरुंग भरला आणि १४ ऑगस्टला बुरूज उडाला. यदुनाथ सरकारांनी मोगलांकडचे २६८ ठार आणि ६०० जखमी असा आकडा दिला आहे. तू म्हणालास, "मामा, एवढं शिसं उडालं, ते गेलं कुठं?" मी तेव्हा गप्प बसलो. उत्तर सुचायला मला तीन रविवार लागले.

पहिला रविवार तुझ्या मामीच्या माहेरचा. भामा नदीच्या काठाला त्यांच्या वाटणीत पडक्या गढीचा चौथरा आहे. जमीन घरची, सात-बारा घरचा, त्यामुळे कोणाला विचारायचं नव्हतं. सकाळी सातला पोचलो. दव होतं, ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. चौथऱ्यावर यंत्र लावलं आणि ते जे किरकिरायला लागलं ते थांबेचना. कुठंही फिरवा, वाजतंच. मला गंमत वाटली, कारण या बाबतीत मी काही अडाणी नाही. शॉपवर शाफ्टला तडा आहे का ते आम्ही एडी करंटवर बघायचो. कॉईलमधून धातूत प्रवाह उठवायचा आणि तो परत काय सांगतो ते वाचायचं. तुझ्या यंत्रातही तेच आहे, फक्त जॉब दिसत नाही. आणि इथं जमीनच जॉबसारखी बोलते. आपला काळा कातळ आणि त्याचा झालेला मुरूम, दोन्हींत लोहाचं खनिज भरपूर. तू शिकवून गेलास तसा ग्राउंड बॅलन्स केला, संवेदनशीलता कमी केली, तेव्हा किरकिर थांबली. पण तेवढ्यानं यंत्राचा हातही आखडला. वीतभर खोलीवरचं नाणं ते सांगेल. दोन वितींवरचं सांगेल असं मला वाटत नाही.

तिथंच ती बैलाची पत्री मिळाली. मेहुण्यांनी हातात घेतली, पायजम्याला पुसली आणि म्हणाले, "ही चुकून राहिली." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाले, आमच्या लहानपणी पत्री पडली तर गडी माग काढत जायचा. झिजलेली पत्री लोहाराला द्यायची, तो त्याची खुरप्याला कड लावायचा.

बाळू, त्या एका वाक्यात तुझ्या शिशाचं उत्तर आहे. धातू फेकायची चैन आपल्या पिढीची. फुटकं तांब्याचं भांडं तांबटाकडे जायचं, मोडीत घालून नवं यायचं. नांगराचा फाळ झिजला की लोहार त्याला पुन्हा भट्टीत घालायचा. शिसं तर चुलीवर वितळतं, साच्यात ओतलं की पुन्हा गोळी. मी पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळ झारेकरी पाहिले आहेत: सराफांच्या दुकानापुढचा केर आणि गटारातला गाळ नेऊन धुवायचे आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे. जिथं गटारसुद्धा धुऊन घेतात तिथं रणात पडलेलं शिसं तसंच राहील? डेक्कन कॉलेजनं इनामगावला १९६८ ते १९८३ अशी बारा हंगाम खणाई केली. घरं, धान्याच्या कणग्या, पुरलेली माणसं, खापरांचे ढीग, असं सबंध गाव वर आलं. तांबं मात्र मोजकंच. जुन्या गावात धातू ही सगळ्यात आधी नाहीशी होणारी वस्तू, आणि आपण नेमकं तेवढंच ऐकणारं यंत्र घेऊन फिरतो.

मेहुण्यांनी आणखी एक सांगितलं ते मला जास्त लागलं. तो चौथरा त्यांच्या वडिलांच्या वेळी दीड पुरुष उंच होता. आता कमरेएवढा आहे. पाऊस इतका धुऊन नेत नाही. आपल्याकडे गावाची काळी आणि पांढरी, हे तू पुस्तकात वाचलं असशील: कसायची ती काळी, वसायची ती पांढरी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती जिरून वस्तीची माती पांढुरकी होते. तीच माती धाब्याच्या घरावर घालायला चांगली, पाणी धरत नाही. आणि शेताला खत म्हणून तर फारच चांगली. म्हणून ओसाड गढी, पडका वाडा दिसला की लोक बैलगाडी लावायचे. माझ्या सासऱ्यांनीही लावली असणार, मी कशाला नावं ठेवू. गढी अशी गाडी-गाडीनं शिवारभर पसरली. उद्या त्या ज्वारीत शिवराई सापडलीच, तर ती ज्वारीतली असेल की गढीतली, कोण सांगणार?

दुसऱ्या रविवारचं थोडक्यात. आपला जुना वाडा पाडून जिथं इमारत उठायची आहे, तिथं आपल्या वाटणीच्या तुकड्यात फिरलो. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती, म्हणून मनात उगीच खुमखुमी. तांब्याच्या वायरी, पितळी नळाची चावी, शेजाऱ्यांच्या पोरांची चौकशी. अर्ध्या तासात परतलो.

तिसरा रविवार मात्र विसरणार नाही. माझा एक जुना सहकारी, नाव लिहीत नाही, त्याची चाकणच्या बाहेर तळेगाव रस्त्याला जमीन आहे. तिथं पूर्वी बाजार भरायचा असं त्याच्या आजीनं त्याला सांगितलेलं. जुना रस्ता, जुना बाजारतळ, शेजारी चिंचेची म्हातारी झाडं. मी आदल्या रात्री झोपलो नाही म्हटलंस तरी चालेल. पहिल्या दहा पावलांत यंत्र एकदम स्वच्छ वाजलं. आकडा तांब्या-रुप्याच्या बाजूला नव्हता, पण लोखंडाचाही नव्हता. वीतभर खणलं. हाताला लागला तो टर्निंगचा कार्बाइड इन्सर्ट. तिकोनी, एक टोक उडालेलं. असे हजारो मी हातातून घालवलेत, आंधळ्यानंही ओळखला असता. मी तिथं मातीत बसूनच हसायला लागलो. पुढच्या तासात बरीचे वेटोळे, स्पॅटरचे दाणे, एक वॉशर. वर गवत, खाली वीतभर माती आणि मातीत माझी सगळी नोकरी.

बांधावरून एक म्हातारे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "पाव्हणं, काय हुडकताय? ही माती इथली न्हाई." मग कळलं. ती जमीन खोलगट होती, पाणी साचायचं. सात-आठ वर्षांपूर्वी डंपर लावून भराव टाकला. कुठली माती? कुठल्या तरी साईटची. आणि त्याआधी वरचा चांगला थर वीटभट्टीला गेलेला. म्हणजे बाजारतळाची माती भाजून कोणाच्या तरी भिंतीत बसली आहे, आणि भोसरीकडच्या एखाद्या शेडमागची माती चिंचेखाली येऊन आजीच्या गोष्टीत शिरली आहे.

तेव्हापासून मला एकच दिसतं. जागा जुनी असते, नावं जुनी असतात, आजीचं सांगणंही खरं असतं. पण आपल्या या पट्ट्यात माती कुठंच आपल्या जागी नाही. एमआयडीसी आली तेव्हापासून साठ वर्षं आपण ती उचलून इकडून तिकडे नेतो आहोत. पाया खणला की डंपर, सपाटी करायची की डंपर. यंत्र धातू आहे एवढं खरं सांगतं; तो इथला आहे का, हे त्याला कळत नाही.

तू मला आशिरगडचा तो व्हिडिओ पाठवला होतास, गेल्या मार्चमधला. "छावा" चित्रपट बघून बऱ्हाणपूरकडचे लोक रात्री टॉर्च घेऊन खजिन्यासाठी शेतं खणत होते, काहींच्या हातात अशीच यंत्रं. तू खाली हसरा चेहरा टाकलास. मला हसू आलं नाही, कारण मला आमच्या लहानपणीचे पायाळू आठवले. जो पायाकडून जन्मला त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. धन निघालं नाही तर नागानं नेलं, किंवा हात लावताच कोळसे झाले. निराशेची सोय आधीच करून ठेवलेली. यंत्रात ती सोय नाही. ते इन्सर्ट दाखवतं आणि गप्प बसतं.

आणि तरीही सापडतं, हीच तर खोडी आहे. आपल्या चिखलीतच सापडलं! कुदळवाडीच्या भंगाराच्या गोदामांमुळे जे नाव तुझ्या कानावर आहे, तीच चिखली. बांधकामाच्या मजुरांना खणताना २१६ सोन्याच्या मोहरा मिळाल्या, सोबत फुटका तांब्या. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढे पोलिसांना सुगावा लागला आणि डिसेंबर २०२० मध्ये माल जप्त झाला. वजन २ किलो ३५७ ग्रॅम. मी भागाकार केला: एकेक मोहोर पावणेअकरा-अकरा ग्रॅमची, तोळ्याला थोडी कमी. त्यांचा काळ सांगितला गेला १७२० ते १७५०, म्हणजे इकडे बाजीरावांना पेशवाई मिळाली ते साल धरून नानासाहेबांच्या कारकिर्दीपर्यंत. कोणी पुरल्या असतील? पुढं १७६३ ला निजामानं पुणं जाळलं, १८०२ ला यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले. पुरायला कारणं काही कमी नव्हती. पण त्या तांब्याभोवती घराची भिंत होती का, चूल होती का, हे बघायला त्या वेळी तिथं कोणी नव्हतं. मोहरा राहिल्या, घर गेलं.

दायमाबादचंही तसंच. १९७४ साली प्रवरेकाठी एका शेतकऱ्यानं झाडाचं खोड उपटलं आणि खालून चार धातुशिल्पं निघाली: रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून ६० किलोंच्या वर. नंतर तिथं रीतसर उत्खनन झालं, पण तसं पाचवं काही मिळालं नाही. आणि ती चार कोणत्या थरातली, नेमकी किती जुनी, यावर विद्वानांचा वाद झाला, कारण थर बघायच्या आधीच ती वर आली होती.

परवा सकाळी फिरायला म्हणून चिखलीकडे गेलो होतो, यंत्र न घेता. एका नव्या इमारतीचा पाया चालू होता. मी पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून बघत उभा राहिलो. वर हातभर राडारोडा, मग मुरूम, आणि त्याखाली एका कोपऱ्यात पुसट राखाडी-पांढरी पट्टी, हातभर जाड. जेसीबीनं एका घासात ती उचलली आणि डंपरमध्ये टाकली. डंपर बाहेर आला तेव्हा मी हात केला. ड्रायव्हर भला, थांबला. मी विचारलं, "ही माती कुठं जाते?"

म्हणाला, "काका, जिथं पाहिजे तिथं. तुम्हाला टाकू का एक गाडी?"

मी भाव विचारून घेतला आहे. मामी आली वाटतं, फाटक वाजलं. तब्येतीला जप.

तुझा
मामा